टॅग लागले, पण खर्च दिसेना : ९०० रिसोर्सेस आणि तोंडावर आलेला मार्चअखेर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजून घेतलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. अंधेरीतली मध्यम आकाराची कंपनी. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई आणि सिंगापूर या दोन रीजनमध्ये (डेटा सेंटरांच्या भौगोलिक गटांत) मिळून साधारण ९०० रिसोर्सेस, म्हणजे सर्व्हर, डिस्क, डेटाबेस वगैरे. अकाउंट्सवाल्यांनी फर्मान काढलंय की मार्चअखेर विभागवार खर्च हवा. प्रत्येक रिसोर्सवर विभागाची पाटी, म्हणजे टॅग, लावायला तुम्ही पायथनमध्ये टॅगिंग एपीआय (एडब्ल्यूएसला प्रोग्रॅममधून हुकूम द्यायची सोय) वापरून स्क्रिप्ट लिहिली. तिला ६४० रिसोर्सेस सापडले, सगळ्यांवर टॅग 'यशस्वी' लागले असं तिने सांगितलं, आणि तीन दिवस उलटले तरी कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये (एडब्ल्यूएसच्या खर्चाच्या पानावर) एकाही विभागाचं नाव नाही. 'स्क्रिप्टमध्ये काय चुकलं?' असं तुम्ही विचारलंय.

स्क्रिप्टमध्ये चुकलं आहे, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. इथे चार वेगवेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय. टॅग असणं आणि बिलात दिसणं या दोन निराळ्या गोष्टी. एपीआयला जे 'सापडतं' आणि तुमच्याकडे जे खरोखर आहे त्यातही फरक. 'यशस्वी' हा शब्द स्क्रिप्टने नेमका कशावरून छापला, तो तिसरा मुद्दा. आणि चौथा, जो तुम्ही विचारलाच नाही : मार्चअखेरचा आकडा टॅगमधून निघणारच नाही. त्याला दुसरी वाट आहे. ती सांगतो, पण क्रमाने.

माझ्याबद्दल एवढंच, की २०११पासून सर्व्हर सांभाळतोय. सुरुवात महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये झाली. तिथे रॅकच्या मागे केबलींचं जंगल असायचं आणि ज्या केबलला पट्टी चिकटवलेली नाही ती उपटायची कुणाची छाती होत नसे. वर्षानुवर्षं ती तशीच. क्लाउडवर आलो तेव्हा वाटलं होतं की त्यातून सुटलो. सुटलो कसला, केबल होती तेव्हा निदान ती डोळ्यांना दिसायची.

आधी बिलाचं बघू, कारण तुमची तीन दिवसांची तगमग बहुधा तिथेच संपेल. रिसोर्सवर टॅग लावला की तो बिलात आपोआप येत नाही. बिलिंगमध्ये 'कॉस्ट अ‍ॅलोकेशन टॅग' नावाचं पान आहे, तिथे टॅगची 'की' (म्हणजे 'टीम'सारखं टॅगचं नाव; त्यापुढे लिहितो ती व्हॅल्यू) ॲक्टिव्हेट करावी लागते. हे काम मॅनेजमेंट अकाउंटमधूनच (सगळ्या अकाउंटचं बिल भरणाऱ्या मुख्य अकाउंटमधूनच) होतं. तुम्ही एखाद्या मेंबर अकाउंटमध्ये असाल तर ते पान उघडूनही उपयोग नाही. टॅग लावल्यावर त्या पानावर की उमटायलाच २४ तासांपर्यंत वेळ लागतो, आणि ॲक्टिव्हेट केल्यावर खर्चात दिसायला आणखी २४ तास. म्हणजे आज दुपारी सगळं बरोबर केलंत तरी उद्या सकाळी साहेबांना स्क्रीनशॉट पाठवायचं कबूल करू नका.

आता कटू भाग. टॅग मागे जाऊन लागत नाही. मशीन एप्रिलपासून चालू आहे आणि टॅग तुम्ही परवा लावलात, तर एप्रिल ते परवापर्यंतचा खर्च बिनटॅगचाच राहणार. मार्च २०२४मध्ये एडब्ल्यूएसने मागच्या १२ महिन्यांपर्यंत बॅकफिल (मागच्या तारखेने भर) करायची सोय आणली. ती वाचून अनेकांना वाटतं की झालं काम. पण बॅकफिल होते ती ॲक्टिव्हेशनची. टॅग रिसोर्सवर तेव्हाही होता, फक्त बिलिंगमध्ये चालू केला नव्हता, असं असेल तर तो जुना खर्च दिसू लागतो. जो टॅग तेव्हा नव्हताच तो कुठून येणार?

म्हणून मार्चअखेरच्या आकड्यासाठी वेगळी वाट धरा. तुमच्याकडे कॉस्ट अँड युसेज रिपोर्ट (बिलाचा ओळवार तपशील) आधीपासून चालू असेल आणि त्यात रिसोर्स आयडी घेतलेले असतील, तर देवच पावला म्हणायचं. एका शीटमध्ये रिसोर्स आयडी आणि विभाग अशी जोडी करा, रिपोर्टला ती जोडा, आणि मागच्या महिन्यांचा खर्च टॅगशिवाय विभागून टाका. अथेनात (एडब्ल्यूएसच्या क्वेरी चालवायच्या सेवेत) एक जॉइन, किंवा आकार लहान असेल तर साधं एक्सेल. रिपोर्ट चालू नसेल, तर कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये रिसोर्सनिहाय खर्च सुरू करता येतो, पण तो मागचे १४ दिवसच दाखवतो. त्या १४ दिवसांचं प्रमाण काढून वर्षाला लावावं लागेल. असा आकडा देताना त्यावर 'अंदाज' असं ठळक लिहा. अकाउंट्सचे लोक अंदाजाला घाबरत नाहीत, तरतुदी तर ते रोजच करतात. अंदाज आहे हे लपवलेलं मात्र त्यांना अजिबात चालत नाही.

आता ६४० आणि ९००. टॅगिंग एपीआयचा गेट-रिसोर्सेस हा कॉल फक्त त्याच रिसोर्सेस परत देतो ज्यांच्यावर टॅग आहे किंवा पूर्वी कधीतरी होता. ज्यांना जन्मापासून कधीच टॅग लागला नाही, त्या त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. ज्या मुलांची नावं हजेरीपटावर नाहीत त्यांची गैरहजेरी हजेरीपट बघून मांडण्यासारखं झालं हे. तुम्हाला टॅग लावायचेत बिनटॅगच्यांना, आणि यादी मागताय ती टॅगवाल्यांची. ते उरलेले २६० तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहेत, आणि तुमच्या स्क्रिप्टने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट तपासा. हा कॉल पानापानाने उत्तर देतो, एका पानावर जास्तीत जास्त १०० रिसोर्सेस. एखादं पान अर्धंमुर्धं आलं म्हणजे यादी संपली असं नसतं. पुढच्या पानाचा टोकन रिकामा येईपर्यंत मागत राहायचं. बोटो३चा (पायथनमधून एडब्ल्यूएस चालवणाऱ्या लायब्ररीचा) पेजिनेटर वापरलात तर ही काळजी तो घेतो. हाताने लूप लिहिला असेल तर '१००पेक्षा कमी आले, थांबा' अशी ओळ त्यात आहे का बघा. मी स्वतः ती लिहिलेली आहे, म्हणून सांगतो.

मग खरी यादी कुठून आणायची? यावर माझं मत जरा हट्टी आहे : बिलाकडून खाली उतरा. ९०० रिसोर्सेसमध्ये सिक्युरिटी ग्रुप, सबनेट, राउट टेबल अशा कितीतरी गोष्टी असतात ज्यांना एक पैसा पडत नाही. प्रश्न खर्चाचा असेल तर त्यांना आज हात लावायची गरज नाही. सेवावार खर्च उतरत्या क्रमाने लावा. ईसी२ (सर्व्हर), आरडीएस (डेटाबेस), एस३ (फाइल साठवण), डेटा ट्रान्सफर अशा चार-पाच ओळींतच बहुतेक पैसा जातो, असं मला जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसलंय. त्या सेवांच्या स्वतःच्या डिस्क्राइब किंवा लिस्ट कॉलने पूर्ण यादी काढा आणि तिच्यातून टॅगवाली यादी वजा करा. हाताने करायचं नसेल तर रिसोर्स एक्स्प्लोरर आहे. त्याचा इंडेक्स दोन्ही रीजनमध्ये चालू करून 'टॅग नन' हा फिल्टर लावला की बिनटॅगच्या समोर येतात. एडब्ल्यूएस कॉन्फिग (रिसोर्सेसची सेटिंग्ज नोंदवून तपासणारी सेवा) आधीच चालू असेल तर त्यात 'रिक्वायर्ड टॅग्ज' हा तयार नियम आहे, एका वेळी ६ की तपासतो. पण केवळ यासाठी कॉन्फिग सुरू करू नका, तो स्वतः बिल वाढवतो.

रीजनचंही लक्षात घ्या. टॅगिंग एपीआय ज्या रीजनच्या पत्त्यावर मारता त्याच रीजनचं बोलतो. मुंबई रीजन सुरू झाला जून २०१६मध्ये. त्याआधी क्लाउडवर गेलेल्या इथल्या बहुतेक कंपन्यांचं बिऱ्हाड सिंगापुरात होतं, आणि 'हळूहळू हलवू' म्हणत निम्मं सामान तिथेच राहिलं. तुमच्या सिंगापूरमध्ये काय उरलंय ते जुन्या माणसाला विचारा. जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), कुणीही न वापरणारा एखादा लोड बॅलन्सर, असं काहीबाही नक्की निघेल, आणि तिथे टॅग लावण्यापेक्षा डिलीट केलेलं बरं. शिवाय क्लाउडफ्रंट, राउट५३ आणि आयएएम (परवानग्यांची सेवा) या जागतिक सेवा नॉर्थ व्हर्जिनियाच्या पत्त्यावर सापडतात. तुमच्या 'दोन रीजन' यादीत ही तिसरी बेरीज राहूनच गेली असणार.

आता 'यशस्वी'. टॅग-रिसोर्सेस हा कॉल एका वेळी २० एआरएन (रिसोर्सचे पूर्ण पत्ते) घेतो. तो संपूर्ण कॉल बिघडला तरच एक्सेप्शन फेकतो. २०पैकी ७ रिसोर्सेसना टॅग लागला नाही, तरी कॉल स्वतः व्यवस्थित परत येतो, स्टेटस २००. आणि जे फसले ते उत्तरात 'फेल्ड रिसोर्सेस मॅप' नावाच्या डब्यात गुपचूप ठेवलेले असतात. तो डबा उघडून पाहिला नाही तर जगात सगळं आलबेल. तुम्ही 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट'मध्ये कॉल टाकून, एक्सेप्शन आलं नाही म्हणून 'यशस्वी' छापलं असणार, नव्वद टक्के पैजेवर सांगतो.

फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे परवानगी. टॅगिंग एपीआय वापरायची परवानगी एक, आणि खालच्या सेवेची स्वतःची परवानगी दुसरी. म्हणजे ईसी२साठी क्रिएट-टॅग्ज, आरडीएससाठी त्याची, प्रत्येक सेवेची आपापली. सोसायटीच्या वॉचमनने गेटमधून आत सोडलं म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडत नाही. तुमच्या रोलला (स्क्रिप्ट ज्या ओळखीने चालते तिला) गेटपास आहे, पण काही दारांच्या चाव्या नाहीत, असा माझा कयास आहे.

दुसरं कारण वेग. ९०० रिसोर्सेस म्हणजे काही फार नाहीत, पण लूप सुसाट सोडलात तर एपीआय 'हळू' म्हणतो. तेव्हा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, प्रत्येक वेळी थांबा वाढवत आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा घालत. बोटो३मध्ये रिट्राय मोड 'स्टँडर्ड' किंवा 'अ‍ॅडॅप्टिव्ह' करा, स्वतः 'स्लीप' लिहीत बसू नका. केवळ ईसी२च्या गोष्टी असतील तर त्याचा स्वतःचा क्रिएट-टॅग्ज कॉल एका वेळी १०००पर्यंत आयडी घेतो, तो जास्त सोयीचा.

इथे मला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुम्ही पुढच्या टप्प्यात नेमके त्याच खड्ड्याच्या दिशेने चालला आहात. २०१८ची गोष्ट. एका कंपनीत एस३च्या बकेटवर (फाइलींच्या डब्यावर) 'कॉस्ट-सेंटर' (खर्च कोणत्या विभागाचा) हा टॅग लावायचं काम माझ्याकडे आलं. मी ईसी२वर हेच केलं होतं. तिथे नवा टॅग दिला की तो असलेल्यांत भर पडतो. एस३लाही तसंच असेल असं धरून पुट-बकेट-टॅगिंग हा कॉल चालवला. तो भर घालत नाही. तो आख्खा संच बदलतो. जे दिलं तेवढंच राहतं, आधीचं सगळं पुसलं जातं. आता त्या बकेटवर आमच्याच टीमने लावलेला एक टॅग होता, जो बघून रात्रीची कॉपी करणारी स्क्रिप्ट ठरवायची की कुठल्या बकेटची प्रत काढायची. टॅग गेला, कॉपी थांबली. एरर नाही, मेल नाही, काही नाही. अकरा दिवसांनी एकाने जुनी फाइल मागितली तेव्हा कळलं. नुकसान काही झालं नाही, मूळ फाइल जागेवर होती. पण ते अकरा दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

त्या दिवसापासून माझा रिवाज ठरलेला आहे. काहीही लिहिण्याआधी सगळ्या रिसोर्सेसचे सध्याचे टॅग तारखेसह एका फाइलमध्ये उतरवून ठेवायचे. हीच परतीची वाट. मग स्क्रिप्ट आधी कोरडी चालवायची, म्हणजे काय बदलणार ते फक्त छापायचं, आणि ती यादी दुसऱ्या माणसाने वाचायची. मग एकाच सेवेच्या पाच रिसोर्सेसवर खरोखर चालवायची. आणि शेवटी, लिहून झाल्यावर टॅग पुन्हा वाचून ताडून बघायचे. स्क्रिप्ट काय म्हणते त्यावर नाही, परत वाचलेल्यावर विश्वास.

भर की बदल हा घोळ सगळ्याच क्लाउडवर आहे, फक्त रूप निराळं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरमध्ये टॅग बदलताना 'मर्ज', 'रिप्लेस' की 'डिलीट' हे स्पष्ट सांगावं लागतं, ते मला बरं वाटतं. गुगल क्लाउडच्या कंप्युट इंजिनमध्ये लेबलचा (तिथल्या टॅगचा) संच आख्खा बदलतो, पण आधी वाचताना मिळालेला एक 'फिंगरप्रिंट' सोबत द्यावा लागतो. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी लेबल बदलली असतील तर तुमचं लिहिणं नाकारलं जातं. एस३च्या त्या कॉलमध्ये असा पहारेकरी नाही, म्हणून आधी वाचा, मिसळा, मग लिहा, आणि त्या वेळात दुसरी कुठली स्क्रिप्ट तिथे फिरत नाही ना ते बघा.

आता टॅग कोणते ठेवावेत. तुम्ही १४ कींची यादी दिली आहे. १४ कुणी भरणार नाही. पहिल्या महिन्यात भरतील, दुसऱ्या महिन्यात 'एनए' लिहितील. चार ठेवा : कॉस्ट-सेंटर, अ‍ॅप, एन्व्हायर्नमेंट, टीम. एडब्ल्यूएस एका रिसोर्सवर ५० टॅग देतो म्हणून ५० भरायचे नसतात.

कॉस्ट-सेंटरची व्हॅल्यू स्वतः बनवू नका. अकाउंट्सकडे टॅलीत जे कोड आहेत तेच, अक्षरन् अक्षर तेच घ्या. माझ्या पाहण्यात निम्मी भांडणं याच एका गोष्टीने मिटली. नाहीतर तुमच्याकडे 'मार्केटिंग', त्यांच्याकडे 'विपणन व जाहिरात', आणि दर महिन्याला मधे बसून भाषांतर करणारे तुम्ही.

'ओनर' म्हणून माणसाचं नाव लिहू नका. तो माणूस ठाण्याहून पुण्याला जातो, नोकरी बदलतो, आणि मशीन त्याच्या नावाने चालू राहतं. टीमचा ग्रुप मेल लिहा. शिवाय टॅग हे गुपित ठेवायची जागा नाही. कितीतरी जणांना ते वाचता येतात आणि बिलाच्या रिपोर्टमधून ते कंपनीबाहेरच्या सल्लागाराकडेही जातात. फोन नंबर, पासवर्ड, ग्राहकाचं नाव असलं काही त्यात नको.

लहान-मोठ्या अक्षरांचं एक ठरवा आणि सगळं लहानच ठेवा. एडब्ल्यूएसमध्ये 'टीम' हा शब्द मोठ्या टीने लिहिला की ती वेगळी की होते, आणि बिलात दोन रकाने दिसतात. अझ्युअरमध्ये टॅगच्या नावात तो फरक धरत नाहीत, व्हॅल्यूत मात्र धरतात. गुगलमध्ये लेबलला मोठं अक्षर चालतच नाही आणि लांबी ६३पर्यंतच. उद्या दुसऱ्या क्लाउडवर जायची वेळ आली तर सगळीकडे चालेल असं सगळ्यांत कडक नियमाचं माप आजच घ्या.

जाता जाता एक गंमत. मी एकदा हौसेने टॅगची व्हॅल्यू मराठीत लिहून पाहिली. आयएएमसारख्या काही सेवा टॅगमध्ये युनिकोडमधली 'अक्षरं', अंक, मोकळी जागा आणि मोजकी चिन्हं स्वीकारतात. आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडच्या हिशेबात 'अक्षर' नाहीत, 'खूण' या वर्गात मोडतात. परिणाम असा, की 'नगर' चालतं आणि 'मुंबई' चालत नाही! अहमदनगरकर असलेला माझा सहकारी त्या दिवशी फार खूश होता. तात्पर्य काही नाही, टॅग रोमन लिपीत ठेवा.

इथपर्यंत झाली साफसफाई. पण मोरी धुऊन नळ तसाच चालू ठेवला तर काय उपयोग. पुढच्या महिन्यात पुन्हा ५० बिनटॅगची मशीन्स जन्माला येतील. तुमच्याकडे कोण काय तयार करतं यावर उपाय अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

सगळं टेराफॉर्ममधून (फाइलीत लिहून रिसोर्सेस उभारणाऱ्या साधनातून) होत असेल तर एडब्ल्यूएस प्रोव्हायडरमध्ये 'डिफॉल्ट टॅग्ज' घाला. एका जागी लिहिलं की खाली बहुतेक सगळीकडे लागतात. पण मग तुमच्या पायथन स्क्रिप्टने त्याच रिसोर्सेसना हात लावायचा नाही. ती टॅग लावणार, टेराफॉर्म पुढच्या वेळी 'हे माझ्या फाइलीत नाही' म्हणून काढणार, मग पुन्हा ती लावणार. सासू-सुनेचा खेळ. एका कीचा एकच धनी ठरवा, आणि दुसऱ्याला ती दुर्लक्षायला सांगा. टेराफॉर्ममध्ये त्यासाठी सोय आहे.

लोक कन्सोलमधून किंवा थेट एपीआयने मशीन उभं करत असतील तर तयार करतानाच टॅग द्यायला लावा. ईसी२मध्ये २०१७पासून रन-इन्स्टन्सेस कॉलमध्येच 'टॅग स्पेसिफिकेशन्स' देता येतात, आणि मशीन व डिस्क दोघांना वेगवेगळे द्यावे लागतात. टॅग लागला नाही तर मशीनच उभं राहत नाही, आणि तेच हवंय. 'आधी बनवू, मग टॅग लावू' यात मधल्या फटीत काय काय हरवतं ते तुम्ही आता अनुभवताच आहात.

ऑटो स्केलिंग (गरजेप्रमाणे मशीन्स आपोआप वाढवणं-कमी करणं) असेल तर एक हमखास चकवा : ग्रुपवरचा टॅग 'लाँचवेळी पुढे द्या' असं ठरवून मशीनवर जातो, पण डिस्कवर जात नाही. डिस्कसाठी लाँच टेम्प्लेटमध्ये वेगळं लिहावं लागतं. आणि आज ग्रुपचा टॅग बदललात तर तो नव्या मशीनवर दिसेल, चालू असलेल्यांवर नाही. स्नॅपशॉटचंही तसंच, साधा स्नॅपशॉट घेतला तर डिस्कचे टॅग त्याच्यावर आपोआप येत नाहीत, कॉपी करा असं सांगावं लागतं. आरडीएसमध्ये त्यासाठी एक पर्याय आहे, तो चालू करून ठेवा.

सक्ती करायची झाली तर ऑर्गनायझेशनच्या एससीपीमध्ये (अकाउंटांना लागू होणाऱ्या मनाई-नियमांत) 'कॉस्ट-सेंटर टॅग नसेल तर मशीन बनवायला मनाई' असा नियम लिहिता येतो. टॅग पॉलिसी वेगळी, तिचं मूळ काम स्पेलिंग आणि व्हॅल्यू एकसारख्या ठेवणं. पण नियम लावायची घाई करू नका. शुक्रवारी संध्याकाळी लावलात आणि शनिवारी कुणाचं रिलीज अडलं, तर सोमवारी नियम निघेल आणि परत कधी लागणार नाही. आधी महिनाभर फक्त यादी मेल करा. मग टेस्टच्या अकाउंटवर लावा. प्रॉडक्शन सगळ्यांत शेवटी.

आणि टॅगवर काही स्वयंचलित चालवायचं मनात असेल तर जपून. रात्री ९ला डेव्ह (डेव्हलपमेंटची) मशीन्स बंद करणारी स्क्रिप्ट आमच्याकडे होती. एका पोराने 'डेव्ह' मोठ्या डीने लिहिलं आणि गणपतीच्या सुट्टीत त्याची मशीन्स अखंड तेवत राहिली. हे परवडलं. उलट झालं असतं, प्रॉडक्शनच्या मशीनवर चुकून 'डेव्ह' पडलं असतं, तर? टॅग वाचून काही बंद-चालू होऊ लागलं की तो नुसती पाटी राहत नाही, तो स्विच होतो. मग टॅग बदलायची परवानगी म्हणजे मशीन बंद करायची परवानगी, असं समजूनच ती वाटायला हवी.

शेवटचा मुद्दा सामायिक खर्चाचा, आणि यावर अकाउंट्सशी तुमचा खरा वाद होणार आहे. नॅट गेटवे (आतल्या मशीन्सची इंटरनेटकडे जायची वाट), लॉग गोळा करणारं मशीन, कुबरनेटिसचा क्लस्टर (अनेक टीमचे प्रोग्रॅम एकत्र चालवणारा मशीन्सचा गट), हे कुठल्या विभागाचे? कुणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. क्लस्टरच्या मशीनवर कितीही टॅग लावले तरी आतले पॉड (चालणारे प्रोग्रॅम) कुणाचे ते त्यावरून कळत नाही. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाकडे बघा. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर. तळमजल्यावरचा सभासद दरवर्षी सर्वसाधारण सभेत लिफ्टवरून भांडतो. पण नियम लिहिलेला असतो, म्हणून बिल निघतं.

एडब्ल्यूएसच्या 'कॉस्ट कॅटेगरी'मध्ये सामायिक खर्च वाटायचे पर्याय जवळजवळ तेच आहेत : सारखा, प्रमाणात, किंवा ठरावीक टक्के. सामायिक रिसोर्सेसवर कॉस्ट-सेंटर 'शेअर्ड' असा टॅग लावा, आणि वाटपाचा नियम तुम्ही न ठरवता अकाउंट्सकडून लेखी घ्या. फक्त एवढं ध्यानात ठेवा की हे वाटप कॉस्ट कॅटेगरीच्या पानावरच दिसतं, कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये ते उतरत नाही. नाहीतर आठवड्याभराने पुन्हा 'दिसत नाही' असा प्रश्न विचाराल.

बिनटॅगचा रकाना शून्यावर येणार नाही हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा. सपोर्टचं शुल्क आणि १८ टक्के जीएसटी यांना टॅग लावायला रिसोर्सच नसतो. तो भाग कसा वाटायचा, तेही त्याच लेखी नियमात येऊ द्या.

तुम्ही आज एवढंच करा : मॅनेजमेंट अकाउंटचा ॲक्सेस कुणाकडे आहे ते शोधून की ॲक्टिव्हेट करून घ्या, आणि स्क्रिप्टमध्ये तो फेल्ड मॅप छापायची एक ओळ घाला. मग त्यात आलेला मजकूर इथे टाका. एरर कोड नको, त्यावरून फारसं कळत नाही, पूर्ण मेसेज टाका. अकाउंट नंबर तेवढा खोडून.